विंचू चावतो बोटाला, मग पाणी फुफ्फुसात का होतं?

(ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

  

आज ना ॲप, ना एआय, ना नोकरीच्या मुलाखती. आज आपण शरीराबद्दल बोलणार आहोत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, पुण्यात कोड लिहिते. बारावीला जीवशास्त्र सोडताना मला केवढा आनंद झाला होता! ते सोडलेलं जीवशास्त्र मला अठ्ठाविसाव्या वर्षी एका विंचवाने पुन्हा शिकायला लावलं. त्याचीच ही गोष्ट.

मे महिन्यातली एक संध्याकाळ

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मी घरून काम करत होते, म्हणजे ओटीवर लॅपटॉप आणि कानात हेडफोन. आमच्याकडे तेव्हा पावसाआधीची गडबड असते. लाकडं पडवीत आणायची, झावळ्या रचायच्या, कौलं शेकारायची. बाबा वाडीच्या कोपऱ्यातला सोडणांचा ढीग उपसत होते. सोडणं म्हणजे नारळाची सालं, शहरातल्या मंडळींसाठी सांगते.

पाच वाजता बाबा हात झटकत आले. “विंचू मारला गो. बोटाला डसला.” लाल विंचू, करंगळीएवढा. मी फोनवर शोधलं, बर्फ लावला, घरातली वेदनाशामक गोळी दिली. अर्ध्या तासात दुखणं बरंच कमी झालं. बाबा म्हणाले, “बाय, एवढं काय नाही. तू तुझं काम कर.” आणि मी खरंच कामाला बसले. माझी मीटिंग होती.

मग बाबांना एकदा उलटी झाली. आम्ही म्हटलं, दुपारचं जेवण बाधलं. मग घाम आला. मे महिना, वारा पडलेला, लाईट गेलेली, घाम कोणाला येत नाही? मी मीटिंगमधून हात हलवून आईला म्हटलं, पंखा नाही तर सुपाने वारा घाल.

साडेसहाला शेजारच्या आशाताई सहज आल्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. “अगो, ह्यांचा सदरा पिळून काढण्याएवढा ओला आहे आणि हात बर्फासारखे गार. एवढ्या उकाड्यात गार? उठा, गाडी काढा.”

बघा, दोन्ही गोष्टी माझ्या समोर होत्या. घाम मला दिसत होता, पण हात मी धरलाच नव्हता. दीड तास गेला होता.

पुढची चाळीस मिनिटं काकांच्या गाडीत वळणावळणाचा रस्ता. मागच्या सीटवर बाबा एकदम गप्प. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पावलं चाचपली, मग नाडी, ब्लड प्रेशर, मग पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. ब्लड प्रेशर खूप वाढलेलं होतं. आणि मग त्यांनी बाबांना काय दिलं? एक गोळी. तोंडाने घ्यायची छोटीशी गोळी.

मला रागच आला. माणूस गार पडलाय आणि हे गोळी देतायत? मी म्हटलं, “डॉक्टर, इंजेक्शन नाही देणार?” ते शांतपणे म्हणाले, “आधी ही पोटात जाऊ दे. त्यांना उठू देऊ नका, बसूही देऊ नका. आपण पाय गरम व्हायची वाट बघू.”

पाय गरम व्हायची वाट! त्या रात्री मी दर थोड्या वेळाने बाबांच्या तळव्यांना हात लावत होते. पहाटे तीनच्या सुमारास तळवे कोमट लागले. मग हळूहळू गरम. डॉक्टर म्हणाले, “आता झोपा.”

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न. विंचू चावला बोटाला. मग डॉक्टरांनी पाय का बघितले? पाठीला काय ऐकलं? आणि त्या गोळीने नक्की काय केलं? पुढचे काही महिने मी शाळेतली पुस्तकं, मेडिकलची पुस्तकं, जमतील ते लेख वाचत बसले. जे कळलं ते आज सांगते.

नांगी कुठून कुठे गेली

पहिली गोष्ट, आपण ‘चावला’ म्हणतो पण विंचू तोंडाने चावत नाही, शेपटीच्या टोकाची नांगी खुपसतो. ती नांगी बोटात शिरते तेव्हा कशाकशातून जाते? इथेच आपली नववी-दहावीतली ‘ऊती’ भेटते. ऊती म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्या पेशींचा गट. आपल्या अख्ख्या शरीरात मुख्य ऊती फक्त चार प्रकारच्या. मेंदू घ्या, आतडं घ्या, डोळा घ्या, या चारांचीच वेगवेगळी जुळणी.

सगळ्यात वर अभिस्तर ऊती. चिऱ्याच्या भिंतीसारख्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या. काम आत-बाहेर वेगळं ठेवायचं. त्वचेवर ही जाड असते, आणि लक्षात ठेवा, फुफ्फुसाच्या आत हीच ऊती अतिशय पातळ असते. त्याच्याकडे परत येऊ.

त्याखाली संयोजी ऊती. धागे, चरबी, हाडं, कूर्चा हे सगळं यात येतं, आणि गंमत म्हणजे रक्तसुद्धा यातच मोडतं. जोडणं, आधार देणं, वाहून नेणं हे काम. विष इथे पडतं आणि इथूनच रक्तात जातं.

तिसरी स्नायू ऊती. हिचे तीन प्रकार. हातापायाचे स्नायू आपल्या हुकमावर चालतात. हृदयाचा स्नायू स्वतःच्या तालावर चालतो. आणि तिसरा प्रकार अनैच्छिक स्नायू, जो आतड्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये असतो. आपण आयुष्यभर त्याच्याकडे लक्ष देत नाही. आजच्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे.

चौथी चेता ऊती, म्हणजे नसा, मज्जारज्जू, मेंदू. लाल विंचवाच्या विषाचा खरा निशाणा ही चौथी ऊती.

दार बंदच होत नाही

नस निरोप कसा पाठवते? विजेच्या तारेसारखा नाही. नसेच्या पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा साधारण दहापट जास्त असतं. पेशीच्या आवरणात सोडियमसाठी छोटी दारं असतात. निरोप आला की दार उघडतं, सोडियम आत घुसतं आणि साधारण एका मिलिसेकंदात दार बंद. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुन्हा शांत होते. एक निरोप संपला. हेच पुढच्या तुकड्यावर, मग त्याच्या पुढच्या.

विंचवाच्या विषात अनेक छोटी प्रथिनं असतात. त्यातली काही सोडियमच्या दारात पाचर मारतात. दार उघडतं पण वेळेवर बंद होत नाही. आणि आपल्या लाल विंचवाच्या विषात आणखी एक प्रथिन आहे, आयबेरियोटॉक्सिन. ते एका प्रकारच्या पोटॅशियमच्या दारालाच बूच लावतं. म्हणजे पेशी चेतवणारं दार उघडं, शांत करणारं दार बंद. हे आयबेरियोटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ती पोटॅशियमची दारं अभ्यासायला वापरतात. आमच्या सोडणांच्या ढिगातल्या प्राण्याचं विष तिथे संशोधनाचं साधन आहे, हे वाचून मला काय वाटलं ते सांगताच येत नाही.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. लूप सुरू झालाय आणि थांबायची अटच कोणीतरी खोडून टाकलीय. नस निरोप पाठवतच राहते. फरक एवढाच की इथे सर्व्हर रीस्टार्ट करता येत नाही.

आपल्याला न विचारता चालणारा कारभार

आता हे निरोप जातात कुठे? तुम्ही आत्ता हे ऐकताय तेव्हा तुमचं हृदय धडधडतंय, आतडी हलतायत, बाहुल्या लहानमोठ्या होतायत. हे तुम्ही ठरवत नाही. हा कारभार स्वायत्त चेतासंस्था बघते. तिचे दोन विभाग.

परानुकंपी विभाग म्हणजे जेवून वामकुक्षी घेणारा. लाळ, पचन, हृदय सावकाश. अनुकंपी विभाग म्हणजे मागे कुत्रा लागल्यावर जागा होणारा. हृदय जोरात, ब्लड प्रेशर वर, कातडीचं रक्त कमी करून ते स्नायूंकडे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथीही याच विभागाच्या हुकमाने रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. एरवी हे दोघं गाडीच्या ब्रेक आणि ॲक्सिलरेटरसारखे एकमेकांना सांभाळून असतात.

विंचवाचं विष दोघांनाही एकदम चेतवतं. आधी दिसतात उलट्या, तोंडाला सुटणारं पाणी, कधी कधी मंदावलेली नाडी. पुरुषांमध्ये आणि लहान मुलग्यांमध्ये लिंगाला आपोआप ताठरता येते. हे ऐकून हसू नका आणि दवाखान्यात सांगायला लाजू नका, डॉक्टरांसाठी ती मोठी खूण आहे.

आणि घाम? घामाच्या ग्रंथींची गंमत अशी की त्यांच्या नसा अनुकंपी विभागाच्या, पण त्या नसांच्या टोकाला सुटणारं रसायन मात्र दुसऱ्या विभागाचं, असिटिलकोलिन. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी करून ठेवलेला अपवाद असतो ना, तसं. दोन्ही विभाग पेटले की घामाच्या धारा लागणारच. संत एकनाथांचं विंचवाचं भारूड तुम्ही ऐकलं असेल. त्यातही अंगाला घाम आल्याचा उल्लेख आहे. तिथे विंचू म्हणजे काम-क्रोध, अर्थ वेगळा, पण खूण बरोबर टिपलेली.

त्यानंतर अनुकंपी विभाग वरचढ होतो. ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला तो अनैच्छिक स्नायू आठवतोय? त्याच्यावर अल्फा नावाचे ग्राहक असतात. नॉरॲड्रेनॅलिन त्यांच्यावर बसलं की वाहिनी आवळली जाते. हातापायांच्या बारीक वाहिन्या आवळल्या की तिथे रक्त कमी पोचतं. रक्त नाही म्हणजे ऊब नाही. म्हणून हातपाय गार.

म्हणजे डॉक्टर बाबांचे पाय चाचपत होते तेव्हा ते खरं तर अख्ख्या शरीरातल्या रक्तवाहिन्या किती आवळल्यात ते बघत होते. उपकरण काय, तर स्वतःचा तळहात.

पंप, नळी आणि पाणी

आता हृदयाकडे या. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. म्हणजे शरीरातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं.

हृदय म्हणजे खरं तर शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. उजवा रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो. फुफ्फुसातून आलेलं रक्त डावा पंप साऱ्या शरीराला पाठवतो. दोघांनी सारखंच काम करायला हवं. एका बाजूने ५ लिटर आलं तर दुसऱ्या बाजूने ५ लिटर गेलंच पाहिजे.

वाडीला पाणी लावताना आमच्याकडे पंपाच्या पुढची नळी कोणी पायाखाली दाबली तर काय होतं माहितीये? पंप गुरगुरतो, तापतो आणि पाणी मागे तुंबतं. इथे तेच. शरीरभरच्या वाहिन्या आवळलेल्या, डावा पंप त्या दाबाविरुद्ध ढकलतोय, शिवाय ॲड्रेनॅलिनच्या माऱ्याने हृदयाचा स्नायू स्वतःच दुखावलेला. डावा पंप मागे पडतो. उजवा मात्र रक्त पाठवतच असतो. शिरा आवळल्यामुळे त्याच्याकडे उलट जास्तच रक्त येतं. मग तुंबतं कुठे? दोन्ही पंपांच्या मध्ये. आणि मध्ये काय आहे? फुफ्फुसं.

फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, हवेचे बारीक फुगे. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. ती पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन पटकन रक्तात जातो. पण मागे रक्ताचा दाब वाढला की त्याच पातळ भिंतीतून पाणी हवेच्या फुग्यांत झिरपतं. खोकला, धाप, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज, शेवटी तोंडातून गुलाबी फेस. गुलाबी कारण त्यात थोडं रक्त मिसळलेलं. माणूस कोरड्या जमिनीवर स्वतःच्या रक्तातल्या पाण्यात बुडतो.

डॉक्टर बाबांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून तेच ऐकत होते, पाणी झिरपायला लागलंय का. बाबांच्या बाबतीत तोवर तसं झालं नव्हतं. आणखी एक मीटिंग मी केली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून करते.

बिरवाडीचा डॉक्टर

हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, त्यात आपल्याच रायगड जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. सावित्री नदी महाडवरून वाहत येऊन आमच्याकडे हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. त्या महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिम्मतराव बावस्कर. मूळचे जालन्याकडचे, गरिबीतून शिकलेले.

तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली माणसं, त्यात लहान मुलं फार, दवाखान्यात यायची आणि काही तासांत जायची. उपाय म्हणून वेदनाशामक, स्टेरॉइड, ॲलर्जीची औषधं, ॲट्रोपीन असं दिलं जायचं. ॲट्रोपीनने घाम आणि लाळ कमी होते, त्यामुळे बरं वाटतंय असा भास होतो. पण आपण आत्ताच बघितलं, ते परानुकंपी विभागाला अडवतं. म्हणजे बेफाम सुटलेल्या गाडीचा उरलासुरला ब्रेकही काढून टाकतं.

बावस्करांनी केलं काय? रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. तासातासाला नाडी, ब्लड प्रेशर, हातापायांची ऊब, घाम, उलटी, सगळं लिहून ठेवलं. मोठी यंत्रं नाहीत. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. लाल विंचू चावल्यावर हृदयाला धोका आहे हे आधीच सांगणाऱ्या खुणा कोणत्या, हा विषय. उलट्या, घाम, ताठरता, गार हातपाय. म्हणजे आशाताईंनी त्या संध्याकाळी जे ओळखलं त्याची मुळं तिथे आहेत.

दुखणं ओळखलं, आता औषध. रोग जर वाहिन्या आवळण्याचा असेल तर त्या सैल करायला हव्यात. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी वापरलं, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, सतत ब्लड प्रेशर बघत बसावं लागतं. खेड्यात ते कसं जमणार? मग आलं प्राझोसिन. ही गोळी १९७० च्या दशकात ब्लड प्रेशरसाठी बाजारात आली होती. ती नेमकी त्या अल्फा ग्राहकांवर जाऊन बसते. जागा अडली की नॉरॲड्रेनॅलिन कितीही असलं तरी वाहिनी आवळू शकत नाही. नळीवरचा पाय उचलला जातो. डाव्या पंपाचं ओझं उतरतं, तुंबलेलं रक्त पुढे सरकतं, हातापायांत ऊब येते. ‘पाय गरम व्हायची वाट बघू’ या वाक्याचा अर्थ मला इथे कळला.

१९८६ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेखही लॅन्सेटमध्ये आला. त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार आधी गंभीर रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होतं, ते प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे मुंबईच्या हाफकिनने बनवलेली विंचवाची प्रतिविष लसही आली. २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांचा महाडमधल्या ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती सांगू? औषध नवीन शोधलेलं नाही. ते दुकानात होतंच. शोधलं ते त्याचं नेमकं काम. आणि ते सापडलं कारण कोणीतरी रात्रभर जागून शरीर वाचत बसलं.

मग आपण काय करायचं?

पटापट सांगते. हा तुकडा कापून घरच्या ग्रुपवर टाकलात तरी चालेल.

एक, विंचू चावला की माणसाला शांत ठेवा, धावपळ करायला लावू नका, आणि लवकरात लवकर दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८.

दोन, चिरे देऊ नका, तोंडाने विष चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. मंत्र-उतारा करायचाच असेल तर गाडीत करा, गाडी थांबवून नको.

तीन, दुखणं कमी म्हणून धोका कमी, असं नाही. माझी चूक तीच झाली. उलटी, घाम, गार हातपाय, या तीन गोष्टी बघा. हात हातात धरून बघा.

चार, लहान मुलाच्या बाबतीत एक मिनिटही थांबू नका. विष तेवढंच, शरीर लहान.

पाच, प्राझोसिन स्वतःहून देऊ नका. वजनावर मात्रा ठरते, ब्लड प्रेशर एकदम पडू शकतं, म्हणून तर बाबांना उठू दिलं नव्हतं. पण ‘प्राझोसिन आहे का’ हे तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात मे महिन्याआधी विचारून ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि सोडणं, कौलं, पेंढा, दगड हलवताना हातमोजे आणि बूट घाला. बाबा आता घालतात. कुरकुर करतात, पण घालतात.

आजीला सांगितलं तेव्हा

एक गोष्ट राहिली, आणि मला ती सांगायचीच आहे.

बाबांना एक मोठा भाऊ होता. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण घरात कोणी त्याचं नाव काढत नाही. सात वर्षांचा असताना गेला, १९६९ साली. बाबा तेव्हा चार वर्षांचे. कशाने गेला, तर ‘विंचवाचं निमित्त झालं’ एवढंच.

बाबा घरी आल्यावर आजी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी ओटीवर वहीत हृदयाचं चित्र काढून समजून घेत होते. दोन पंप, मध्ये फुफ्फुसं. आजी येऊन बसली. म्हणाली, “हे काय काढतेस?” मी तिला सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. नळीवर पाय पडतो, पाणी मागे तुंबतं, छातीत बुडबुडे.

आजी म्हणाली, “त्याच्या छातीत घुरघुर होत होती. तोंडाला फेस आला, लालसर. माझ्या पदराला लागला होता.”

मग पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं. लाकडं आणायला तिनेच त्याला परसात पाठवलं होतं. तो रडत आला, तिने गूळ दिला आणि गप्प केलं. थोड्या वेळाने तो दुखत नाही म्हणाला, म्हणून ती भात लावायला गेली. लोक म्हणाले, आधीच नेलं असतं तर. पन्नासहून अधिक वर्षं ती हेच धरून बसली होती, की मी भात लावायला गेले.

मी काय बोलणार? मी तर लॅपटॉपवर बसले होते. मी तिला एवढंच म्हटलं, “आजी, बाबांना दिली ती गोळी तेव्हा नव्हतीच गं. विंचवासाठी ती वापरायची हे पुढे पंधरा-सोळा वर्षांनी कळलं. तू लगेच नेलं असतंस तरी तिथे कोणाला माहीत नव्हतं काय करायचं.”

ती वहीतल्या चित्राकडे बघत राहिली. मग बोट ठेवून विचारलं, “म्हणजे पाणी इथे होतं?”

म्हटलं, “हो, इथे.”

“आणि गोळी कुठे जाते?”

मी दाखवलं. तिने पुन्हा एकदा विचारलं, “तेव्हा ती नव्हतीच?”

“नव्हती, आजी.”

ती उठली. आत जाऊन तिने देवापाशी दिवा लावला आणि बाबांच्या भावाचं नाव घेऊन हाक मारली, अगदी सहज, जेवायला बोलवावं तशी. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं.

शरीरशास्त्र शिकून मला काय मिळालं असं कोणी विचारलं, तर मी हे सांगेन.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरात विंचवाचा, सापाचा असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. हा भाग ज्यांचं घर गावाला आहे अशा एका तरी मित्राला नक्की पाठवा. आणि आज घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, जुन्या काळी घरात कोण कशाने गेलं. कदाचित त्यांना कोणी कधी विचारलंच नसेल.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.